नकाशातलं झाड

कंपनीवाला : बाकी पेरणी एक नंबर चाललीये साहेब. फक्त या कोपऱ्यातल्या झाडाभोवती यंत्राने मोठा गोल सोडलाय. तिथे दाणाच पडलेला नाही.

मुलगा : झाड? त्या शेतात झाड नाही.

कंपनीवाला : नकाशात तर दिसतंय. हा हिरवा ठिपका बघा. बांधापासून थोडं आत. उंची माणसाएवढी, खोड बारीक, मध्ये जरा वाकलेलं.

मुलगा : फांद्या?

कंपनीवाला : एकच. वर गेलेली.

मुलगा : ते झाड नाही. बाबा आहेत.

कंपनीवाला : कोणाचे?

मुलगा : माझे. रोज सकाळी जातात आणि यंत्रासमोर हात वर करून उभे राहतात.

वडील : "जातात", "राहतात". अरे मी इथेच बसलोय, गव्हाणीवर. वारल्यासारखं काय बोलतोस?

कंपनीवाला : नमस्कार काका. तुम्ही बसलाय ते चार्जर आहे.

वडील : माझ्या लेखी गव्हाणच. जागा तीच, खुंटाही तोच, फक्त दावणीला बॅटऱ्या बांधल्यात. बसलं की बुडाला ऊब लागते. पूर्वी बैलाच्या श्वासाची लागायची. त्याला वास यायचा, याला येत नाही, एवढी सुधारणा मान्य आहे मला.

मुलगा : ऐकलंत? आठवडाभर हे असंच चाललंय. तुमच्या जाहिरातीत म्हटलं होतं, घरात बसा, शेत आपोआप पेरलं जाईल. आम्ही घरात बसलो. हे बसले नाहीत.

कंपनीवाला : पण साहेब, यंत्राचं काही चुकलेलं नाही. समोर माणूस दिसला की थांबायचं, हे त्याला शिकवलेलं आहे. थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, तसाच हात वर. पुन्हा थांबलं. रोज तेच व्हायला लागल्यावर त्याने विचार केला...

वडील : विचार केला?

कंपनीवाला : म्हणजे हिशेब लावला. माणूस इतका वेळ एका जागी निरुद्योगी उभा राहत नाही. त्याअर्थी हे झाड.

वडील : हुशार आहे. सुनेलाही अगदी असंच वाटतं.

मुलगा : बाबा, तिला मध्ये आणू नका.

वडील : मध्ये मीच असतो रे कायम. टीव्हीसमोरून गेलो तर तुम्ही सगळे मान वाकडी करून माझ्या कडेने बघता. स्वयंपाकघरात गेलो की ती म्हणते, बाबा जरा. पुढे काही नाहीच. "बाबा जरा." आणि हे एवढं मोठं धूड, ट्रॅक्टरच्या दुप्पट, मला बघितलं की जागच्या जागी थांबतं. दिवा पिवळा करतं. मी हात खाली घेईपर्यंत चूं करत नाही. तूच सांग कंपनी, या वयात माणसाने कुठे जाऊन उभं राहावं?

कंपनीवाला : काका, भावना समजू शकतो मी.

वडील : कुठे शिकवतात रे हे वाक्य? बँकेतल्या पोरीलाही येतं.

मुलगा : झालं तुमचं? आता कामाचं बोलू. जमिनीला वाफसा आहे तो दोन-तीन दिवस टिकेल. त्यानंतर ओल गेली की दाणा मातीत पडून नुसता हसेल आपल्याला. तुम्ही हौसेने अर्धा तास यंत्र अडवता, मग ते सुरुवातीपासून सगळं तपासतं, मग निघतं. रोजची सकाळ यात जाते.

वडील : मला वाफसा शिकवतोस? नख मातीत घाल बघू एकदा. तुझी नखं बघ कशी आहेत. नर्सबाईसारखी.

मुलगा : नख घालायची गरज नाही. सेन्सर आहे.

वडील : हो, सेन्सर आहे. बाप आहे तर त्याचं करायचं काय, एवढाच प्रश्न आहे.

कंपनीवाला : त्यावर उपाय आहे काका. त्यासाठीच आलोय.

वडील : बापावर?

कंपनीवाला : झाडावर.

मुलगा : झाड असतं तर तोडता आलं असतं.

वडील : वा. बघ कंपनी, हा असा बोलतो. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, अहो-जाहो सोडत नाही. मी याच्या वयाचा असताना निदान तांब्या तरी फेकून मारायचो.

मुलगा : मला मारलाय, आठवतोय मला.

वडील : लागला नव्हता.

मुलगा : आईला लागला होता.

वडील : ...उपाय काय म्हणतोयस कंपनी?

कंपनीवाला : हे जॅकेट. नारिंगी. पाठीवर खूण आहे ती यंत्राला लांबूनही वाचता येते. हे घातलं की तुम्ही त्याच्यासाठी परका माणूस राहत नाही, आपला माणूस बनता. मग कुठेही फिरा, कधीही फिरा.

वडील : म्हणजे मला ओळखेल?

कंपनीवाला : शंभर टक्के.

वडील : घे. ऐकलंस? कारखान्यातून आलेलं यंत्र मला ओळखायला तयार आहे. ओळखून काय करेल? लवकर थांबेल?

कंपनीवाला : नाही. थांबणार नाही.

वडील : आं?

कंपनीवाला : परका असला तर थांबावं लागतं, काय करेल सांगता येत नाही. आपल्या माणसासाठी कशाला थांबायचं? तो आपला आपण बाजूला होतो.

वडील : आणि नाही झाला तर?

कंपनीवाला : होतो काका.

वडील : अरे पण नाही झाला तर?

कंपनीवाला : त्यासाठीच आधी तुमचा आवाज घ्यायचा असतो. या टॅबलेटमध्ये एकच वाक्य बोलायचं. "मी बाजूला होईन." ते यंत्रात कायमचं राहतं. त्यानंतर बाजूला होणं ही तुमची जबाबदारी.

वडील : म्हणजे अंगावरून गेलं तर चूक माझी.

कंपनीवाला : आमची तरी नाही.

मुलगा : इतकं काही नाही बाबा. नुसतं बोलायचं आहे.

वडील : मी नाही बोलणार. या जमिनीवर मी आजवर कोणासाठी बाजूला झालेलो नाही. लोक झाले. बैलांमागचा नांगऱ्या झाला. तू लहान होतास, तुला आठवत नसेल.

मुलगा : आठवतो. मला खांद्यावर घ्यायचा.

वडील : बैल विकले तेव्हाची गोष्ट. ट्रॅक्टर दारात आलेला, नवा कोरा, लाल. बैल न्यायला ट्रक आला तर ते फळीवर पायच ठेवेनात. चार माणसं शेपट्या पिरगाळून दमली. शेवटी मी नांगऱ्याला हाक मारली. तो आला, दोघांच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला, आणि गेले की रे चढून, लग्नाला निघाल्यासारखे. मी म्हटलं, शाबास. आता उद्यापासून येऊ नकोस.

कंपनीवाला : तिथल्या तिथे?

वडील : मग काय दिवाळीपर्यंत थांबायचं? मला काही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एका दिवसात तो नांगरायचा तेवढं मी न्याहारीच्या आत उरकायचो. जग पुढे जातं.

मुलगा : आणि आजोबा?

वडील : आजोबांचं काय?

मुलगा : सांगा ना यांना. दरवर्षी पाहुण्यांना सांगता. हसून हसून सांगता.

वडील : त्यात लपवण्यासारखं काय आहे? आमच्या बापाला ट्रॅक्टर नको होता. जमीन कडक होईल म्हणायचा. पहिल्या दिवशी आला आणि नांगराच्या तासात उभा राहिला माझ्यासमोर. मी हॉर्न वाजवला. हलेना. दुसऱ्यांदा वाजवला, पण गाडी काही थांबवली नाही. झाला बाजूला. चप्पल मात्र तासात राहिली, ती गेली फाळाखाली. पुढे कितीतरी वर्षं नांगरताना तुकडे वर यायचे. एकदा अंगठा आला, एकदा टाच. आम्ही म्हणायचो, यंदा बापाचं पीक चांगलं आहे.

कंपनीवाला : हा हा. म्हणजे, सॉरी.

वडील : हस की. हसण्यासारखंच आहे.

मुलगा : मी तर हॉर्नसुद्धा वाजवत नाहीये. माणूस बोलावलाय, जॅकेट आणलंय, समजावून सांगतोय. आजोबांना एवढं मिळालं असतं तर पाया पडले असते तुमच्या.

वडील : आणि ड्रायव्हर? त्यालाही समजावूनच सांगितलंस.

मुलगा : ड्रायव्हरचा निरोपसमारंभ केला आपण.

वडील : केला ना. कंपनी, तू ऐक, तुझ्याच घरची गोष्ट आहे. आमचा ड्रायव्हर, मी स्वतः तयार केलेला. या यंत्रात त्याला एक हंगाम बसवला. तू चालव म्हणाले, ते बघून शिकेल. तो बिचारा जीव ओतून चालवायचा. कुठे वळायचं, कुठे दगड आहे, कुठे चिखल धरतो, सगळं मोठ्याने बोलून सांगायचा त्याला. त्याला वाटायचं, हे पोर शाळेत नाव काढेल. हंगाम संपला आणि माझ्या या मुलाने ड्रायव्हरला घड्याळ दिलं. आता त्याला वेळच वेळ आहे बघायला.

मुलगा : नोकरी लावून दिली त्याला.

वडील : दुकानांच्या त्या मोठ्या इमारतीत. दार आपोआप उघडतं, हा शेजारी उभा राहून दाराला सलाम करतो.

मुलगा : पगार वेळेवर मिळतो.

वडील : मी कुठे रडतोय त्याच्यासाठी? तो ड्रायव्हर होता. मी बाप आहे. जमीन तुझ्या नावावर करून दिली, पाय अजून माझ्या नावावर आहेत.

मुलगा : ठीक आहे. मग दुसरा उपाय. कुंपण घालू, फाटक लावू. फोनवरून उघडेल.

वडील : माझ्या फोनवरून?

मुलगा : तुमच्या फोनला बटणं आहेत बाबा.

वडील : तुझ्या फोनवरून, म्हणजे.

मुलगा : माझ्या आणि तिच्या.

वडील : म्हणजे शेतात जायचं तर सकाळी उठून सुनेला विचारायचं.

मुलगा : ती नाही म्हणणार नाही. झोपलेली असते, एवढंच.

कंपनीवाला : कुंपणाचा सेटही आहे आमच्याकडे. पण खरं सांगू काका, जॅकेट बरं. बहुतेक घरांतले वडील जॅकेटच घेतात.

वडील : बहुतेक घरांत असतो का हा प्रश्न?

कंपनीवाला : त्यासाठी वेगळा विभाग आहे आमचा.

वडील : काय नाव विभागाचं?

कंपनीवाला : नाव साधंच आहे. "शेतातील इतर."

मुलगा : बाबा, ओल चाललीये.

वडील : आण ते. कुठे बोलायचं?

कंपनीवाला : इथे, या बारीक छिद्राजवळ. हिरवा दिवा लागला की.

वडील : मी बाजूला होईन.

कंपनीवाला : स्पष्ट नाही आला. परत एकदा.

वडील : मी बाजूला होईन.

कंपनीवाला : शेवटचा शब्द घशात राहतोय काका. "होईन" जरा मोकळं म्हणा.

मुलगा : बाबा, नाटकं नकोत. एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जातं तुमचं.

वडील : मी बाजूला होईन!

कंपनीवाला : झालं. बघा, हिरवा ठिपका गेला नकाशातून. आता तिथे काहीच नाही.

(तिघे शेतात येतात. वडिलांच्या अंगात जॅकेट आहे, बाह्या बोटांवर येणारं. शेताच्या दुसऱ्या टोकाकडून यंत्र पेरत येत आहे.)

कंपनीवाला : एक चाचणी करून टाकू. काका, तुम्ही जरा पुढे होऊन तासात उभे राहा. आलं की बाजूला व्हा. त्यालाही कळेल, तुम्हालाही कळेल.

वडील : जॅकेट ढगळ आहे.

कंपनीवाला : वयाने माणूस आटतो, त्यामुळे मोठंच ठेवतो आम्ही. खूण दिसली पाहिजे.

मुलगा : तिथे नाही, अजून पुढे. हां, तिथेच.

वडील : मी हात वर केला तर?

कंपनीवाला : करा की. आता त्याचा काही अर्थ नाही.

वडील : बघू या.

मुलगा : बाबा, कृपा करून हट्ट करू नका. आलं की सरका.

वडील : मी थांबवणार त्याला. आठवडाभर रोज बघितलंय त्याने मला. रानातलं जनावरसुद्धा एवढ्या दिवसांत माणसाळतं.

कंपनीवाला : साहेब, काका सरकायच्या तयारीत दिसत नाहीत.

मुलगा : सरकतील.

कंपनीवाला : वेग कमी करत नाहीये ते. करणारही नाही, आपण नोंद केलीये. बाजूला व्हा काका.

वडील : येऊ दे. येऊ दे त्याला.

कंपनीवाला : साहेब, हातात थांबवायचं बटण आहे माझ्या. दाबू? दाबलं तर सगळी नोंद पुसली जाते, आवाज पुन्हा घ्यावा लागतो, पण दाबू का?

मुलगा : नका दाबू.

कंपनीवाला : साहेब.

मुलगा : नका दाबू म्हटलं. मी ओळखतो त्यांना.

वडील : थांब! ए, थांब म्हणतो ना! ए...

कंपनीवाला : झाले. बाजूला झाले. पडले वाटतं.

मुलगा : बसले. बाबा, लागलं का?

वडील : नाही.

मुलगा : उठा मग. मातीत बी पडलंय, त्यावर बसलात.

वडील : पाहिलंसुद्धा नाही रे त्याने.

कंपनीवाला : पाहिलं काका. ओळखलं म्हणून तर गेलं. एकदम छान झाली चाचणी. अंतरही बरोबर राखलं, एक हात.

वडील : बटण होतं म्हणे याच्या हातात.

मुलगा : होतं.

वडील : तो विचारत होता तुला. मला ऐकू येत होतं.

मुलगा : मग काय म्हणालो तेही ऐकलं असेल. मी म्हटलं, मी ओळखतो त्यांना. आणि झालात ना बाजूला? मी चुकलो असतो तर गोष्ट वेगळी.

वडील : चुकला असतास तर?

मुलगा : तर तुमची चूक ठरली असती. आवाज आहे तुमचा.

कंपनीवाला : काका, हात द्या, उठा. आता साहेब, आलोच आहे तर तुमचंही उरकून टाकू. दुसरं जॅकेट गाडीत आहे.

मुलगा : माझं काय उरकायचं?

कंपनीवाला : आवाज.

मुलगा : मी मालक आहे हो. मी फोनवरून चालवतो त्याला.

कंपनीवाला : चालवता, पण शेतात येता ना. आत्ता उभेच आहात. मालक वगैरे त्याला कळत नाही. परका माणूस, आपला माणूस आणि झाड, एवढंच कळतं. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येतेय, ती तर फोनचीही वाट बघणार नाही. हवामान बघून स्वतःच निघेल. तेव्हा तुम्ही नुसते बघायला येणार.

मुलगा : पुढच्या महिन्यात बघू मग.

कंपनीवाला : ते टोकाला जाऊन वळलंय साहेब. आता या तासावर येतंय. तुमची नोंद नाही, तुम्हाला बघून थांबेल.

मुलगा : थांबू दे एकदा.

वडील : नको. वाफसा जाईल.

मुलगा : बाबा, तुम्ही गप्प बसा.

वडील : तुझ्याच फायद्याचं बोलतोय. ओल चालली, तूच म्हणालास. कंपनी, लाव रे दिवा हिरवा.

कंपनीवाला : लावलाय. बोला साहेब, तेच वाक्य. त्या छिद्राजवळ.

मुलगा : मी...

कंपनीवाला : आवाज येत नाहीये.

मुलगा : म्हणतोय ना, जरा दम घ्या.

वडील : घाई करू नका त्याला. पहिल्यांदा जीभ जड होते, तेवढंच.